उजव्या पंखाची टाकी

ही गोष्ट कुणालाही माहीत नाही. दादाला माहीत नव्हती, आणि ती न कळताच तो गेला. वहिनीला — तिचं शेवटी सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यासमोर तोंड उघडतोय. ओळखणारे लोक मला बरा माणूस म्हणतात. भावाच्या संसाराला धरून राहिला, स्वतःचं लग्न जमलं नाही तरी कधी कुरकुर केली नाही, भाऊ गेल्यावर वहिनीला एकटं टाकलं नाही — असं म्हणतात. ऐकून घेतो मी. खाली मान घालून ऐकतो, म्हणजे आणखी बरा दिसतो.

कुठून सुरू करू? विमानापासून करतो. विमान म्हटलं की तुम्ही हसाल. आमच्या गावातही हसले होते.

आमचं गाव बदनापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. दादा हवाई दलात टेक्निशियन होता. सगळी नोकरी त्यानं दुसऱ्यांच्या विमानांच्या पोटाखाली उताणं झोपून काढली. रिटायर होऊन आला तेव्हा लोकांना वाटलं, आता हा मोसंबी लावील, नाहीतर पेट्रोल पंपासाठी खटपट करील. त्यानं नकाशे आणले. दोन माणसं बसतील एवढं छोटं विमान स्वतःच्या हातानं बांधायचं म्हणाला, शेतातल्या सोयाबीनच्या गोडाऊनमध्ये. जगात पुष्कळ लोक घरी विमान बांधतात, हे त्यानं मला फोनवर दाखवलं होतं. बाकी कुणाला दाखवायच्या भानगडीत तो पडला नाही.

माझं जालन्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. रविवारी आणि रोज सकाळी मी गोडाऊनमध्ये. ॲल्युमिनियमचा पत्रा कापायचा, वाकवायचा, भोकं पाडायची, रिव्हेट मारायचे. दादा सांगायचा, मी करायचो. आमच्यात वयाचं अंतर खूप. तो नोकरीवर गेला तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. म्हणजे भाऊ म्हणून तो मला मिळाला तो त्या गोडाऊनमध्येच. दोघं दोन बाजूंनी एकाच पत्र्याला धरून उभे आहोत, तो म्हणतो "हां, बराबर" आणि मला आतून गोड वाटतंय — चाळिशी उलटलेल्या माणसाला एवढ्यानं गोड वाटावं? वाटायचं.

हे सांगून मी काही बाजू मांडत नाही. पुढचं कळायला पाहिजे म्हणून सांगतो.

या विमानात पेट्रोल पंखात भरतात. वेगळी टाकी आणून बसवत नाहीत. पंखाचा पुढचा भाग हीच टाकी. पातळ पत्र्याची लांबट पेटी. तिचा एकेक सांधा, एकेक रिव्हेट एका काळ्या लेपानं आतून बंद करायचा असतो. दोन डब्यांतला माल काट्यावर मोजून एकत्र करायचा की तो लेप तयार होतो — मधासारखा घट्ट, सडक्या अंड्यासारखा वास, हाताला लागला तर आठवडाभर निघत नाही. आइस्क्रीमच्या काडीनं तो कोपऱ्याकोपऱ्यात भरून गोलाई द्यायची. आपल्याकडच्या उन्हात तो लवकर धरतो, म्हणून काम पहाटे. शेवटी टाकीची मागची भिंत बसवायची. ती बसली की आत हात जात नाही. आत जे राहिलं ते राहिलं.

आणि सुईच्या टोकाएवढं काही राहिलं तर पेट्रोल झिरपतं. दादानं नोकरीत एक विमान जळताना पाहिलं होतं. त्याबद्दल तो बोलायचा नाही. पण टाकीचं काम निघालं की त्याचा आवाज बदलायचा.

डाव्या पंखाची टाकी मी केली. मी लोखंडाचा माणूस. लोखंडात फट राहिली तर वेल्डिंगनं भरून निघते. लेपाचे दोन भाग मी काट्यावर न घेता अंदाजानं मिसळले — रोज रंग मिसळतो, हे काय अवघड? टाकी बंद केली, एका नळीला फुगा बांधला, सायकलच्या पंपानं हवा भरली, वरून साबणाचं पाणी फिरवलं. जागोजाग बुडबुडे. फुगा आमच्या डोळ्यांदेखत मलूल झाला. दादानं पंप बाजूला ठेवला. वहिनी चहा घेऊन आली होती. तिनं वाकून पाहिलं आणि विचारलं, माल वजनानं घेतला होता का?

शोभावहिनी टेंभुर्णीची. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी. लग्नाआधीपासून जालन्यात बियाण्यांच्या एका प्रयोगशाळेत होती. आमच्या आईला लकवा झाला तेव्हा नोकरी सोडून ती इकडे आली. दादा तिकडे, ही इकडे आईचं करायला. माझ्या ताटात वर्षानुवर्षं जे पडलं ते हिच्या हातचं. ताप आला तर माझ्या उशाशी बसली ती हीच. हे नीट ध्यानात ठेवा.

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी विसरून गेलो असतो.

उजव्या पंखाची टाकी दादानं तिला दिली. मला त्यानं काही समजावलं नाही, कशाला समजावील? काम ज्याला येतं त्याला दिलं. वहिनी साडीवर दादाचा जुना शर्ट घालून पहाटे गोडाऊनमध्ये यायची. छोट्या काट्यावर माल तोलायची, भांड्यात सावकाश घोटायची, काडीला एका हातानं वळण देत कोपरा भरायची. मी तिला इतकी वर्षं पाहत होतो, पण असं कधी पाहिलं नव्हतं. ती गुणगुणायची. दादा तिला नोकरीतल्या गोष्टी सांगायचा, ज्या त्यानं मला कधी सांगितल्या नव्हत्या. ती हसायची, तो हसायचा. मी बाहेर जाऊन उगाच पत्रे इकडचे तिकडे करायचो.

मंग दादाचं "शोभाला विचार" सुरू झालं. रिव्हेट कुठला? शोभाला विचार. मोजमाप? शोभाला विचार. संभाजीनगरहून विमानवेडी दोन-तीन माणसं पाहायला आली, तेव्हा दादानं उजव्या टाकीवर हात ठेवून सांगितलं, "ही आमच्या मॅडमच्या हातची. हिच्यातून वारा जाणार न्हाई." डावी टाकी कोपऱ्यात उघडी पडली होती, मी तिचे रिव्हेट उकरत बसलो होतो. कुणी काही विचारलं नाही.

तुमच्या मनात येईल, याचा वहिनीवर जीव होता की काय? नाही. तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं, लोकांना ते कळतं. मला ती नको होती. मला ती तिथं नको होती. बस.

तर ती सकाळ.

उजव्या टाकीची मागची भिंत बसवायचा दिवस होता. आतलं सगळं झालेलं, वाळलेलं. भिंत टेकणार त्या कडेनं वहिनीनं ताज्या लेपाची जाड रेघ ओढली आणि कोपऱ्यांत, जिथं तीन पत्रे एकत्र येतात, तिथं लेपाचे गोळे भरले. ते कोपरे सगळ्यांत अवघड. गळती निघाली तर तिथंच निघते. भिंत उचलायला दादा पलीकडे गेला होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत दारात गेला. घरातून आईची हाक आली. आई अशी मधूनच कळवळून ओरडायची. वहिनी हातमोजे काढून पळत घराकडे गेली. जाताना मला म्हणाली, "भाऊजी, माशी बसू देऊ नका हां."

मी एकटा होतो.

काडी तिथंच पडलेली. मी ती उचलली, आतल्या बाजूचा खालचा कोपरा — नेमका तो, जो भिंत बसल्यावर कुणालाच दिसणार नाही — खरवडून रिकामा केला. निघालेला लेप चिंधीला पुसला आणि चिंधी खिशात टाकली. वरच्यावर काडीनंच एक पातळ हात फिरवला, काळं दिसावं म्हणून. किती वेळ लागला? शिंक यायला लागतो तेवढा. कुणी म्हणतं ना, कसं झालं कळलंच नाही — मला कळत होतं. सगळं कळत होतं.

वहिनी आली. आईच्या अंगावरची चादर सरकली होती म्हणाली. आम्ही तिघांनी मिळून भिंत बसवली. दादा म्हणाला, मस्त.

मी पुढं स्वतःला खूपदा सांगितलं की, मला माहीत होतं, साबणाच्या पाण्यात हे पकडलं जाणार. दादाचा जीव मी धोक्यात घातला नाही. पण खरं सांगू? कोपरा खरवडताना दादाच्या जिवाचा विचारच माझ्या मनात आला नव्हता. वहिनीचं तोंड कसं होईल, एवढाच आला होता.

आणि तसंच झालं. लेप पुरता धरल्यावर एका सकाळी फुगा बांधला, हवा भरली. बाकी सगळी टाकी कोरडी ठणठणीत, आणि त्या एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ निघाली. वहिनी वाकून बघत राहिली. म्हणाली, असं होणार नाही, मी तिथं भरलं होतं, मला चांगलं आठवतं. दादा म्हणाला, टाकी कशाला खोटं बोलील? मंग ती माझ्याकडं वळली.

"भाऊजी, तुम्ही तिथंच होते ना? मी कोपरा भरला होता ना?"

बघा, अजूनही वेळ होती. मी "हो" म्हणालो असतो, नुसतं "हो, भरला होता," तरी माझं काही जाणार नव्हतं. लेप खराब असेल, पत्रा वाकडा असेल, दादानं काहीही कारण शोधलं असतं.

मी म्हणालो, "घाई झाली असंल, वहिनी. होऊन जातं."

मायेनं म्हणालो. आवाज मऊ केला. त्या मऊपणाची मला आज जास्त शिसारी येते.

दादा ओरडणारा माणूस नव्हता. तो हात पुसत उठला आणि हळू म्हणाला, "हवेत असतो तर मी जळून गेलो असतो, शोभा. तुझ्या हातानं." आणि बाहेर गेला. त्याला ते जुनं जळालेलं विमान आठवलं असणार. त्याचा दोष नाही. तिच्या तोंडावरचा रंग मात्र उतरला, आणि ते मी जवळून बघितलं. मला बरं वाटलं. दिवसभर बरं वाटत होतं. त्या दिवशी वर्कशॉपवर मी कामगारांना भजी मागवली.

दादानं मागच्या भिंतीला झाकणाएवढं भोक पाडलं, वहिनीनं तिथून हात घालून कोपरा पुन्हा भरला, वर झाकण बसवून बंद केलं. पुन्हा हवा भरली, टाकी टिकली. विषय इथं संपायला हवा होता ना? दादाच्या मनातून तो संपलाही. पण वहिनीनं त्यानंतर काडी हातात घेतली नाही. दादा दोनदा बोलवायला गेला. ती म्हणाली, माझ्याकडून नको. मंग डावी टाकी पुन्हा माझ्याकडे आली. या वेळी मी माल तोलून घेतला, तिच्याच काट्यावर.

आणि इथं मी थांबलो असतो तरी तुम्ही म्हणाला असता, मत्सर होता, एकदा घडून गेलं. थांबलो नाही मी.

वहिनीला आता स्वतःच्या हाताचा भरवसा राहिला नव्हता. कडी लावली का, आईची गोळी दिली का, मोटार बंद केली का — जाऊन बघायची, परत येऊन परत जायची. एका दुपारी मी चुलीपुढे बसलो होतो. तिनं माझ्यादेखत वरणात मीठ टाकलं, डबा ठेवला आणि क्षणभर थांबून विचारलं, "भाऊजी, मीठ टाकलं का मी?"

"न्हाई टाकलं," मी म्हणालो.

तिनं परत टाकलं. जेवताना दादानं ताट सरकवलं. ती माझ्याकडं बघायला लागली, तर मी वरण ओरपत होतो. म्हणालो, चालतंय की, एवढं काही खारट न्हाई. तिला वाटलं, हा आपल्याला सांभाळून घेतोय.

तेव्हापासून ती मलाच विचारायची. घरात एकच माणूस तिला न रागावता उत्तर द्यायचा ना — मी. कधी खरं सांगायचो, कधी खोटं. कधी खोटं सांगायचं याचा काही नियम नव्हता. तिला चाचपडताना बघावंसं वाटलं की सांगायचो. आईच्या गोळ्यांबाबत मात्र कधी खोटं बोललो नाही, हे मी एके काळी स्वतःच्या बाजूनं धरायचो. म्हणजे बघा, माणूस कशाकशाचा आधार घेतो.

आई गेली. घरातली बांधिलकी सुटली, आणि योगायोग असा की जालन्याच्या त्याच प्रयोगशाळेतून वहिनीला निरोप आला — जुन्या ओळखीच्या बाई आता तिथं मोठ्या जागेवर होत्या. माणूस पाहिजे होता, वहिनीच पाहिजे होती. दादा खूश झाला. म्हणाला, जा, तुझं शिक्षण फुकट गेलं आमच्या घरात. तयारी झाली, नवीन पर्स आली. जायच्या आदल्या दिवशी ती अंगणात माझ्यापाशी येऊन बसली. विचारलं, "भाऊजी, जमंल का मला? तिथं मोजमापाचं काम असतं. एक चूक झाली तर कुण्या शेतकऱ्याचं बी वाया जायचं."

मला फक्त "जमेल" म्हणायचं होतं.

मी जरा वेळ घेतला. विचार केल्यासारखा. मंग म्हणालो, "तूच बघ वहिनी. तुझं तुला माहीत."

ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी दादानं कारण विचारलं तर म्हणाली, गुडघे दुखतात. ती पर्स अजून कपाटात आहे, आतला कागदाचा चुरगाळा तसाच. कधी त्या कपाटातून काही काढायला ती मला पाठवते तेव्हा मी ती बघतो.

विमान झालं. परवानग्यांच्या मागे दादाची उमेद बरीच खर्ची पडली, पण झालं. ट्रकवर लादून दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी धावपट्टीवर नेलं, तिथला एक अनुभवी पायलट चालवायला आणि दादा शेजारी. मी धावपट्टीच्या कडेला. वहिनी आली नाही. ते विमान वर असताना मला बघवणार नाही म्हणाली. मी फोन करून सांगितलं, उतरले, सुखरूप आहेत. मंग तिनं विचारलं, "उजवी बाजू बघितली का तुम्ही? वल्ली तर न्हाई ना?"

उजवी बाजू कोरडी होती. डाव्या पंखाखाली, माझ्या टाकीच्या एका रिव्हेटशी, पेट्रोलचा निळसर डाग धरला होता. दादानं तो बघितला, बोटानं पुसला आणि म्हणाला, चालतंय, घरी गेल्यावर बघू. मला तो "जळालो असतो" म्हणाला नाही. पाठीवर थाप मारली.

वहिनीला मी सांगितलं, बघतो, नीट बघून सांगतो. त्या रात्री तिला झोप लागली नसणार. मी सकाळी सांगितलं, कोरडी आहे म्हणून.

दादा मागच्या वर्षी गेला. हार्टनं, शेतात, उभ्या उभ्या. विमान गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली आहे. दादा-वहिनीची मुलगी पुण्याला असते. तिनं वहिनीला डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू आहेत. डॉक्टरांनी विचारलं होतं, असं केव्हापासून होतं? मुलीला सांगता येईना. मी बाहेर बाकावर बसलो होतो.

वर्षश्राद्ध झालं, पाहुणे पांगले. दुपारी घरात आम्ही दोघंच. वहिनी ओट्यापाशी उभी होती. मला वाटलं, आता सांगून टाकावं. का वाटलं, मला माहीत नाही. पश्चात्ताप म्हणावा असं काही आत हलल्याचं आठवत नाही. कदाचित तिचं तोंड परत एकदा बघायचं असेल.

मी म्हणालो, "वहिनी, उजव्या टाकीचा तो कोपरा तू भरला होता. मी खरवडून काढला. तू आईकडं गेल्तीस तेव्हा."

तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. आणि मंग — ती हसली. इतक्या वर्षांत तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं, इतकी माया होती त्यात.

"भाऊजी, तुम्ही पहिल्यापासून असेच. मला बरं वाटावं म्हणून आता तेबी स्वतःवर घेऊन राह्यले. राहू द्या. कोपरा माझ्याच हातानं राह्यलता. तुमचे दादा वाचले, एवढंच पुरे मला."

तेव्हा मी तिला पटवू शकलो असतो. ती काडी, ती चिंधी, आईची सरकलेली चादर, वरणातलं मीठ, सगळं एकामागून एक सांगितलं असतं तर तिला विश्वास ठेवावाच लागला असता. मला ते सगळं पाठ आहे. शब्द तोंडात आले होते. पण तिनं "राहू द्या" म्हटलं त्या क्षणी माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं, हलकं वाटलं, आणि ते हलकेपण मला सोडवेना.

मी म्हणालो, "बरं."

तिनं ताट वाढलं. मी जेवलो.